टपालाच्या पिशवींतील विस्तव

सांताक्रूझ हें नांव मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राला मुख्यत्वें दोन कारणांनीं परिचित आहे. पहिलें कारण पाऊस. वर्तमानपत्रांत पर्जन्यमानाचे आंकडे छापून येतात तेव्हां कुलाब्याच्या जोडीला सांताक्रूझचा आंकडा असतोच, आणि ता. २६ जुलै २००५ च्या महावृष्टीची ९४४ मिलिमीटरांची नोंद येथल्याच वेधशाळेची. दुसरें कारण विमानतळ. त्याला आज छत्रपती शिवाजी महाराजांचें नांव आहे. तरी जुन्या मुंबईकराच्या तोंडीं तो अजून ‘सांताक्रूझचा विमानतळ’च. ह्या दोहोंखेरीज एक तिसरा व्यवहार येथें कित्येक वर्षें चालत आला आहे, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तो म्हणजे टपालाच्या पिशव्यांची ये-जा. उतारूंच्या पायांखालीं, विमानाच्या पोटांत ह्या पिशव्या पडलेल्या असतात. त्यांत काय आहे हें विमान चालविणारास ठाऊक नसतें, पिशवी उचलणाऱ्या हमालास ठाऊक नसतें. आणि तें ठाऊक नसावें अशीच टपालाच्या धंद्याची मूळची प्रतिज्ञा आहे. लिथियमची बॅटरी टपालानें पाठवावी कीं नाहीं, आणि पाठवावयाची तर कशी, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक खरा. परंतु ह्या प्रतिज्ञेचा जेवढा कस त्यानें लागला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशानें लागला असेल. म्हणून त्याचा पूर्वेतिहास थोडा मागें जाऊन पाहण्याचें योजिलें आहे.

टपालाचें सारें मर्म बंद पाकिटांत आहे. खांद्यावर पिशवी आणि हातांत घुंगुरकाठी घेऊन धांवणारा डाकवाला पिशवी पुढच्या चौकीवर पोंचवी, ती उघडून पाहणें हें त्याचें काम नव्हे. जड जिनसांसाठीं बंगी असे. हा शब्द मूळ कावडीचा वाचक; पुढें कावड गेली, आगगाडी आली, तरी जुन्या मराठींत पार्सलाला बंगी हें नांव राहिलें. १८७७ सालीं व्ही. पी.ची सोय झाली, आणि औषधें, घड्याळें, पुस्तकें अशा नाना जिनसा, ज्यांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलें नाहीं अशा माणसांच्या हातून हातीं जाऊं लागल्या. पत्राच्या पाकिटांत फार तर वाईट बातमी असावयाची. बंगींत काय वाटेल तें असूं शकतें. आणि एका बंगीच्या अंगाला दुसरी बंगी लागलेली असते.

हा धोका सरकारनें वेळींच ओळखला होता असें १८९८ सालचा पोस्ट ऑफिसचा कायदा वाचतांना दिसून येतें. त्याचें १९ वें कलम वाचण्यासारखें आहे. स्फोटक, धोकादायक, गलिच्छ, अपायकारक असे पदार्थ टपालानें पाठवूं नयेत. नीट आच्छादन न केलेलें धारदार हत्यार पाठवूं नये. उपद्रवी अथवा इजा करण्याजोगा जिवंत प्राणी पाठवूं नये. आणि सारांशरूपानें, वाटेंत इतर टपालास किंवा टपालखात्याच्या कोणाही नोकरास इजा करील अशी कोणतीही वस्तु पाठवूं नये. कलम मोडणारास ६१ व्या कलमान्वयें एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. ह्यांतील अनुक्रम पाहावा: आधीं टपाल, मग नोकर. साहेबाच्या राज्यांत हा क्रम सहज लिहिला गेला असेल, त्यांत हेतु होताच असें म्हणवत नाहीं. तरी पत्रांच्या पिशवीचा जीव पिशवी वाहणाराच्या जीवाआधीं मोजला गेला एवढें खरें.

परंतु ह्याच कलमांत एक शहाणपणाची गोष्टही आहे. ‘धारदार हत्यार पाठवूं नये’ असें कायदा म्हणत नाहीं. ‘नीट आच्छादन न केलेलें’ म्हणतो. म्हणजे दोष सुरीचा नव्हे, उघड्या पात्याचा. ज्या सुरीनें हमालाचा हात कापेल तीच सुरी म्यानांत घालून पाठविली तर टपालखात्याची तक्रार नाहीं. आंतरराष्ट्रीय टपालाचेंही धोरण असेंच राहिलें. १८७४ सालीं बर्न येथें ज्या टपालसंघाचा पाया घातला गेला आणि ज्यांत हिंदुस्थान १८७६ सालीं सामील झाला, त्या संघाच्या नियमांत जिवंत मधमाशा, जळवा आणि रेशमाचे किडे ह्यांना टपालानें प्रवास करण्याची मुभा आहे; अट इतकीच कीं डबा असा हवा कीं आंतला जीव बाहेर येऊं नये. जळू चालते आणि दिसायला निरुपद्रवी अशी काळी चकचकीत वडी चालत नाहीं, ह्याचें नवल वाटणारांनीं हें तत्त्व ध्यानांत ठेवावें. जळू डब्यांत कोंडतां येते. (१८९८ च्या ह्याच कायद्याच्या २६ व्या कलमानें सार्वजनिक आणीबाणीचें कारण दाखवून पत्रें अडविण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला होता, सरकारला खरी धास्ती होती ती सुरीची नव्हे, कागदाची. पण तो निराळा विषय आहे.)

विमानी टपालाचा वृत्तान्त वाचकांच्या परिचयाचा असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. ता. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादेहून नैनीपर्यंत पेके नांवाच्या फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें नेलीं. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें ‘पस मॉथ’ विमानानें जुहूच्या मैदानावर उतरले. बरोबर ५५ पौंड टपाल होतें, आणि तेंच पुढें नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनीं बल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत चिखलानें निकामी होई. दुसऱ्या महायुद्धांत जवळच सांताक्रूझला लष्करी धांवपट्टी झाली आणि युद्धानंतर मुंबईचा विमानव्यवहार तेथें गेला. ह्या काळांत टपालाचा धोका एकच होता, तो म्हणजे वजन.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें साल १९३२ नव्हे, १९४९ होय. त्या वर्षीं रात्रीची विमानी टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्रीं निघालेलीं विमानें नागपुरास एकत्र येत, मध्यरात्रीं तेथें पिशव्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत विमानें आपापल्या ठिकाणीं परत जात. त्याच सालीं साधीं पत्रेंही जादा आकार न घेतां विमानानें नेण्याची पद्धत पडली. सोय मोठीच झाली. पण तिच्या पोटीं एक अजाणपणा आला. पूर्वीं विमानानें टपाल पाठविणारा तसें तिकीट लावी, तशी चिठ्ठी चिकटवी. आपली वस्तु आकाशांतून जाणार हें त्यास ठाऊक असे. आतां आपलें टपाल आगगाडीच्या डब्यांत पडेल कीं उतारूंच्या विमानांत, हें पाठविणारास कळेनासें झालें. जमिनीवर डब्यास आग लागली तर गाडी थांबवितां येते, डबा सोडवितां येतो. आकाशांत हें कांहीं करतां येत नाहीं.

एका जिनसेच्या अंगाला दुसरी जिनस ठेवण्यानें काय अनर्थ होतो ह्याचा दाखला मुंबईला दूर शोधावयास नको. ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ हें जहाज उभें होतें. इंग्लंडांतून निघतांना त्यावर सुमारें १,४०० टन दारूगोळा व सोन्याच्या विटा चढविलेल्या होत्या. कराचीस त्यांत कापसाच्या सुमारें ८,७०० गांठी, तेलाचीं पिंपें, लांकूड वगैरे माल भरण्यांत आला. कापूस दारूगोळ्याच्या वर होता आणि खालींही होता. निरनिराळे घेतले तर हे दोन्ही जिन्नस मुंबई बंदराला नवे नव्हते. कापसावर तर हें शहर वाढलें. आणि कापूस पेटतो, धुमसतो, विझवावा लागतो, हें गोदींतल्या प्रत्येक मजुरास ठाऊक होतें. दारूगोळाही युद्धकाळांत नित्य येई. घात केला तो शेजारानें. दुपारीं दोनच्या सुमारास धूर दिसला. पाणी मारतां मारतां दोन तास गेले. चारच्या सुमारास जहाज फुटलें, आणि अर्ध्या तासानें पुन्हां फुटलें. शेंकडों माणसें मेलीं, त्यांत आग विझवावयास धांवलेले अग्निशामक दलाचे जवान होते. सोन्याची एक वीट तर दूरच्या घराचें छप्पर फोडून आंत पडली. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशामक दलाचा स्मरणदिन म्हणून पाळला जातो तो ह्याच जवानांसाठीं.

धोकादायक मालाविषयींचे आजचे नियम वाचावेत आणि मग हें जहाज आठवावें. नियमांतील निम्म्या शब्दांचा अर्थ आपोआप उकलतो. अमुक वस्तु अमुक वस्तूशेजारीं ठेवूं नये, अमुक इतक्याहून अधिक एका ठिकाणीं असूं नये, वर खूण असावी: ह्या सर्वांचा रोख वस्तूवर नसून शेजारावर आहे.

आग विझवितांना हात टेकावे लागतील असा दुसराही एक पदार्थ महाराष्ट्रानें जवळून पाहिला आहे. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ज्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ घेतला ती नायट्रेटची चित्रफीत. तिच्यांत जळण्यास लागणारा प्राणवायु तिच्याच अंगीं असतो. म्हणून वाळू टाकून, झांकण घालून, फार काय पाण्याखालीं बुडवूनही ती जळत राहते. ती पत्र्याच्या डब्यांत वेगळी बांधून न्यावी लागे ती ह्यासाठीं. १९१८ च्या सिनेमाच्या कायद्यांत प्रेक्षागृहाच्या परवान्याशीं सुरक्षितता जोडली गेली तीही बव्हंशीं ह्याचमुळें. २००३ च्या जानेवारींत पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील कोठाराला आग लागून जुन्या रिळांचा मोठा सांठा भस्म झाला, तेव्हां ह्या पदार्थाची आठवण पुन्हां ताजी झाली.

लिथियमची बॅटरी ही ह्या चित्रफितीची धाकटी बहीण म्हणावी. विजेरींतल्या जुन्या सेलांत पाण्यांत कालविलेला क्षार असे. तो पाझरला तर विजेरी गंजे, एवढेंच. १९९१ सालीं सोनी कंपनीनें बाजारांत आणलेल्या लिथियम-आयन सेलांत पाण्याला थारा नाहीं. तेथें पेट घेणारा सेंद्रिय द्राव असतो. धन व ऋण बाजूंच्या मध्यें केंसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो, आणि सगळी भिस्त त्या पडद्यावर. सेल चेपला, टोंचला, अति भारला किंवा मुळांतच सदोष निपजला कीं पडदा फाटतो; दोन्ही बाजू एकत्र येतात; उष्णता निर्माण होते; उष्णतेनें आंतील रासायनिक विघटन वाढतें, त्यानें आणखी उष्णता वाढते. पुष्कळ सेलांत धन बाजूस कोबाल्टचें ऑक्साइड असतें, आणि तें तापलें कीं प्राणवायु सोडतें. मग बाहेरच्या हवेची गरज उरत नाहीं, आणि हा ताप शेजारच्या सेलास जाऊन भिडतो. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांना ह्या बॅटरीसाठीं २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें योग्यच होतें. एवढ्याशा वडींत एवढी शक्ति मावते हाच तिचा गुण, आणि हाच तिचा दोष.

विमानवाल्यांस हा दोष हळूहळू कळत गेला. ता. २८ एप्रिल १९९९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विमानतळावर, ओसाकाहून उतारूंच्या विमानानें आलेला लिथियमच्या सेलांचा माल जमिनीवर हाताळतांना पेटला. हीच आग दोन-चार तास आधीं, समुद्रावर असतांना लागती तर काय झालें असतें हें सांगावयास नको. ता. ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईहून निघालेलें एक मालवाहू जंबो विमान, उड्डाणानंतर २२ मिनिटांनीं आगीचा इशारा मिळून, परत येतां येतां कोसळलें आणि दोघे वैमानिक मरण पावले. त्यावर ८१,००० हून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. हा माल टपालाचा नव्हता, खासगी कंपनीचा होता. पण धूर टपालाचा कीं खासगी हें पाहून वैमानिकाच्या खोलींत शिरत नाहीं.

टपालसंघाच्या नियमांप्रमाणें अशा बॅटऱ्या परदेशी टपालानें पाठविण्यास मनाईच होती. ती मनाई कागदावर होती, आणि पिशव्यांतून फोन, घड्याळें, कॅमेरे सर्रास जात होते. अमेरिकेच्या टपालखात्यानें ता. १६ मे २०१२ पासून ती कडकपणें अंमलांत आणली, तेव्हां परदेशीं असलेल्या सैनिकांच्या घरच्यांनाही साधें यंत्र धाडतां येईना. ही बंदी सहा महिनेच टिकली. त्याच शरदांत दोहा येथील टपालसंघाच्या अधिवेशनांत तोडगा निघाला, आणि २०१३ च्या आरंभापासून नवा नियम लागू झाला.

हा नियम १८९८ च्या म्यानाचाच नातू आहे. बॅटरी तिच्या यंत्रांत बसविलेली असली तरच चालेल, सुटी चालणार नाहीं. एका पुडक्यांत चारांहून अधिक सेल किंवा दोनांहून अधिक बॅटऱ्या नकोत. सेल २० वॉट-तासांहून आणि बॅटरी १०० वॉट-तासांहून मोठी नको. न भारतां येणाऱ्या लिथियम धातूच्या सेलांत धातु एक ग्रॅमहून आणि बॅटरींत दोन ग्रॅमहून अधिक नको. यंत्र वाटेंत आपोआप चालू होऊं नये, वेष्टन भक्कम असावें. आणि फुटकी, फुगलेली किंवा सदोष म्हणून कारखान्यानें परत मागविलेली बॅटरी मुळींच नको. शिवाय ज्या त्या देशाच्या टपालखात्यानें आपल्या विमानखात्याची संमति आधीं मिळविली पाहिजे. ती नसेल तर हीही मुभा नाहीं. म्हणून कचेरींत आधीं विचारणें हाच पाठविणाराचा पहिला नियम. ह्यामागचा हिशेब साधा आहे: पेटली तरी ठिणगी शेजारपर्यंत जाऊं नये, इतकीच लहान असावी. पुढें उतारूंच्या विमानांत माल म्हणून सुट्या बॅटऱ्या नेणें अजिबात बंद झालें. लिथियम धातूच्या २०१५ च्या आरंभापासून, लिथियम-आयनच्या ता. १ एप्रिल २०१६ पासून.

येथें सामान्य माणसाची गफलत होते ती पॉवर बँकेविषयीं. दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक घ्या: दहा अँपिअर-तास गुणिले ३·७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॉट-तास. शंभराच्या मर्यादेच्या कितीतरी आंत! तरी ती टपालानें चालत नाहीं, कारण ती यंत्र नव्हे. तिच्यांत बॅटरी ‘बसविलेली’ नाहीं, ती स्वतःच बॅटरी आहे. ज्या फोनांत सुमारें १९ वॉट-तासांची बॅटरी आहे तो चालेल, आणि त्याच फोनाला भारण्यासाठीं सोबत घातलेली पेटी चालणार नाहीं. पार्ल्या-सांताक्रूझच्या घराघरांतून दिवाळीपूर्वीं परदेशीं मुलाबाळांना जीं पुडकीं जातात त्यांचा विचार करावा. तेलांत तळलेल्या चकल्या, तुपाचे लाडू, त्यांभोंवतीं वर्तमानपत्राचा कागद, एखादा लोकरी स्वेटर, आणि उरलेल्या पोकळींत आईनें प्रेमानें खोंचलेली पॉवर बँक. कापूस वर, कापूस खालीं! आई अपराधी नाहीं. तिला कोणीं सांगितलेलें नसतें. आणि जो आपला फुगलेला फोन दुरुस्तीसाठीं पुडक्यांत बांधून धाडतो, त्याला तर आपण शहाणपणाच करीत आहों असें वाटत असतें. टपालानें जाण्यास जी बॅटरी सर्वांत अपात्र, तीच टपालांत पडण्याचा संभव सर्वांत अधिक, ही ह्या विषयांतली खरी अडचण आहे.

जुना कायदा ज्या गुन्हेगाराची कल्पना करीत होता तो जाणून बुजून दारूगोळा धाडणारा होता. आजचा पाठविणारा निष्पाप आहे आणि वस्तु त्याच्या रोजच्या खिशांतली आहे. १२५ वर्षें चाललेला तो कायदा आतां गेला. २०२३ चा नवा पोस्ट ऑफिस कायदा ता. १८ जून २०२४ पासून अंमलांत आला आहे. नव्या कायद्यांत टपाल अडवून उघडण्याचा अधिकार राहिला, पण ६१ व्या कलमासारखी शिक्षा राहिली नाहीं. काय पाठवावें, काय नाहीं, हा तपशील नियमांकडे गेला. एका दृष्टीनें हें बरेंच झालें. चकल्या धाडणाऱ्या आईला वर्षाची कैद सांगणारें कलम कोणीं चालवावें? विमानवाहतुकीचे धोकादायक मालाविषयींचे नियम आहेत, त्यांचा धाक निराळा. परंतु त्या कलमांत, दुसऱ्या क्रमांकावर कां होईना, टपालाच्या नोकराच्या इजेचा स्पष्ट उल्लेख होता. तो शब्दशः जपावयास हवा होता असें आम्हांस वाटतें.

आतां राहतो खिडकीवरचा प्रश्न. कारकून विचारतो, ‘आंत काय आहे?’ आणि परदेशी पुडक्यावर जकातीसाठीं चिकटवावयाची हिरवी चिठ्ठी पुढें करतो. तींत वस्तूचें नांव, वजन आणि किंमत लिहावयाची असते, खालीं सही करावयाची असते, आणि आंत धोकादायक वस्तु नाहीं असें त्या सहीनें कबूल करावयाचें असतें. बंद पाकिटाच्या व्यवहारांत पाकीट न उघडतां आंतलें सांगण्याची जागा ती एवढीच. तेथें बहुतेक लोक एकच शब्द लिहितात: ‘गिफ्ट’.